सैनिकाचा अनुभव, समाजाचा इतिहास : कोरियातील भारतीय दलाची कहाणी

युद्ध संपले म्हणजे तोफा थंडावतात, पलटणी छावणीत परततात आणि वृत्तपत्रांचे मथळे बदलतात. परंतु ज्यांनी रणभूमीवर महिनोन्महिने काढले, त्यांच्याजवळचे ज्ञान आपोआप समाजापर्यंत पोहोचत नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिशिला आजही उभ्या आहेत. गावातून किती माणसे लढाईवर गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, असे दोन आकडे त्यांवर कोरलेले असतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या सैनिकांच्या गावाचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले, हे सर्वश्रुत आहे. ते कोणत्या पलटणीत होते, कोणत्या मुलखात लढले, त्यांनी काय पाहिले व काय सोसले, हे मात्र अशा शिळांवरून कळत नाही. आकडा उरला, अनुभव गेला, असेच बहुतेक ठिकाणी घडले आहे.

युद्धातील अनुभव समाजाच्या हाती येण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. सैनिकाने स्वतः ते लिहावेत अथवा सांगावेत, हा पहिला मार्ग. लष्करातीलच एखाद्या अभ्यासू अधिकाऱ्याने इतरांचे अनुभव पद्धतशीर गोळा करून त्यांना इतिहासाचे रूप द्यावे, हा दुसरा. मराठीत पहिल्या प्रकारचे लेखन अगदीच झाले नाही असे नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकी डॉक्टर म्हणून काम केलेले कॅप्टन गो. गं. लिमये यांनी ‘सैन्यातील आठवणी’ लिहून तो काळ मराठी वाचकांपुढे ठेवला. तथापि महाराष्ट्रातून सैन्यात गेलेल्यांची संख्या लक्षात घेता असे लेखन फार थोडे आहे.

या दृष्टीने ले. जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. कोल्हापूर परिसरातून पुढे आलेल्या या सेनानीने १९५३-५४ मध्ये कोरियातील भारतीय दलाचे नेतृत्व केले आणि पुढे आपले सैनिकी जीवन शब्दबद्ध केले. ‘माझी शिपाईगिरी’ हे त्यांचे मराठी आत्मकथन होय. ‘फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मोहिमेत शत्रू नव्हता, जिंकावयाचा प्रदेश नव्हता आणि गोळी न झाडणे हेच यश होते, अशा मोहिमेची हकिगत जनमानसातून लवकर पुसली जाते. म्हणूनच ती सांगणारा माणूस आणि ती तपासून पाहणारा समाज या दोहोंची गरज असते.

प्रश्न कसा निर्माण झाला?

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा ३८ व्या अक्षांशाची सीमा ओलांडून दक्षिणेत शिरल्या आणि कोरियन युद्धास प्रारंभ झाला. दक्षिणेच्या बाजूने अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांच्या नावाने सोळा राष्ट्रांच्या फौजा लढल्या. उत्तरेच्या बाजूने त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या फौजा उतरल्या. भारताने या युद्धात लढाऊ सैन्य पाठविले नाही, मात्र ले. कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये तेथे पोहोचली आणि जखमींची सेवा करीत राहिली.

१९५१ च्या मध्यापासून तहाची बोलणी सुरू झाली. सीमारेषेसारखे प्रश्न हळूहळू मार्गी लागत गेले. परंतु युद्धबंद्यांच्या प्रश्नावर बोलणी अडून बसली. १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या ११८ व्या कलमानुसार प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धबंद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे लागते. चीन व उत्तर कोरिया यांचा आग्रह या कलमाच्या शब्दशः पालनाचा होता. उलटपक्षी, संयुक्त राष्ट्रांच्या छावण्यांतील हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी आपण परत जाणार नाही असे सांगत होते, आणि त्यांना बळजबरीने पाठविण्यास संयुक्त राष्ट्रांचे सेनाधिपत्य तयार नव्हते. कैदी खरोखर स्वेच्छेने नकार देतात, की छावणीतील दांडग्या गटांच्या धाकाने, हे ठरविणार कोण, असा पेच होता. तो सुटेपर्यंत रणांगणावर माणसे मरतच राहिली.

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक ठराव मांडला. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी त्यासाठी विशेष खटपट केली. ३ डिसेंबर १९५२ रोजी तो मंजूर झाला. चीनने तो आरंभी स्वीकारला नाही; तथापि जून १९५३ मध्ये उभय पक्षांत जो समझोता झाला, त्यात या ठरावातील मूळ कल्पना आली. जे कैदी परत जाण्यास तयार नाहीत, त्यांना तटस्थ राष्ट्रांच्या ताब्यात द्यावे, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींना त्यांची समजूत घालण्याची संधी द्यावी आणि मग प्रत्येकाने आपला निर्णय करावा, अशी ती योजना होती. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या.

पंचाची भूमिका

या कामासाठी स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत अशा पाच राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. अध्यक्षपद भारताकडे होते आणि त्या पदावर ले. जनरल के. एस. थिमय्या यांची नियुक्ती झाली. कैद्यांच्या रक्षणासाठी सशस्त्र दल देण्याची जबाबदारी एकट्या भारतावर होती. या दलास कस्टोडियन फोर्स इंडिया, म्हणजे भारतीय अभिरक्षक दल, असे नाव देण्यात आले. त्याचे सेनापती होते मेजर जनरल थोरात.

थिमय्या आणि थोरात हे एकमेकांचे जुने सहकारी होते. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तेथील एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक भारतीय होते. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन हे ते तिघे अधिकारी होत. तिघांनाही त्या लढाईतील नेतृत्वाबद्दल डी. एस. ओ. हे पदक मिळाले. संगिनींच्या लढाईत कसोटीस उतरलेल्या या दोघांवर आठ वर्षांनी असे काम येऊन पडले, की ज्यात हाती शस्त्र असून ते न वापरण्यात कौशल्य होते.

कामाचा प्रारंभच अडचणीने झाला. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हा समझोता मान्य नव्हता. शस्त्रसंधीपूर्वीच, १८ जून १९५३ रोजी, त्यांनी सुमारे २७ हजार उत्तर कोरियन कैदी छावण्यांतून परस्पर सोडून दिले होते. भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. तेव्हा भारतीय दलाला इंचॉनच्या किनाऱ्याजवळ जहाजांवरून हेलिकॉप्टरमध्ये बसवून थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. पाच ते सहा हजारांचे दल अशा रीतीने हवाईमार्गे हलविणे हे त्या काळी अपूर्वच होते. या पट्ट्यात भारतीय दलाची छावणी उभी राहिली. तिला ‘हिंदनगर’ असे नाव देण्यात आले.

मायदेशी परतण्यास तयार असलेल्या कैद्यांची अदलाबदल ऑगस्ट व सप्टेंबर १९५३ मध्ये पार पडली. त्यात पाऊण लाखाहून अधिक कैदी उत्तरेकडे आणि सुमारे पावणेतेरा हजार कैदी दक्षिणेकडे गेले. परत जाण्यास नकार देणारे २२,६०४ कैदी संयुक्त राष्ट्रांच्या सेनाधिपत्याने भारतीय दलाच्या स्वाधीन केले. त्यांत १४,७०४ चिनी आणि ७,९०० उत्तर कोरियन होते. दुसऱ्या पक्षाकडून ३५९ कैदी आले. त्यांत ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकन आणि १ ब्रिटिश होता.

काटेरी तारांच्या आत

कैद्यांची आवारे काटेरी तारांनी वेढलेली होती आणि एकेका आवारात सुमारे पाचशे कैदी असत. आत त्यांच्याच संघटनांचे राज्य होते. परत जावे असे ज्यास वाटे, त्यास ते बोलून दाखविण्याची सोय नव्हती; कारण तसे बोलणाऱ्याच्या जिवास धोका होता. रात्री कुंपणापर्यंत पोहोचून भारतीय पहारेकऱ्याच्या आश्रयास येणे हाच अशा माणसाचा मार्ग होता. त्यामुळे पहाऱ्यावरील साध्या जवानावरही मोठी जबाबदारी होती. कैद्याच्या भाषेचा एक शब्द त्यास कळत नसे. पण समोरचा माणूस पळून जात आहे की आश्रय मागत आहे, हे त्यास क्षणात ओळखावे लागे.

याच परिस्थितीतून सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस एक बिकट प्रसंग उद्भवला. चिनी कैद्यांच्या एका आवारात मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास कैद्यांनी धरून ठेवले. सशस्त्र तुकडी आत घुसविली असती, तर अधिकाऱ्याचे प्राण गेले असते आणि कैद्यांचे मुडदे पडले असते. एवढ्याने आयोगाचे कामही पहिल्याच महिन्यात संपुष्टात आले असते. थोरात स्वतः आवारात गेले, खवळलेल्या जमावाशी बोलले आणि अधिकाऱ्याची सुटका करून त्यास बाहेर घेऊन आले. कोरियातील कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्र वर्ग २ हा सन्मान मिळाला. १९६७ पासून तो कीर्तिचक्र या नावाने ओळखला जातो.

प्रत्येक प्रसंग असा शांततेने निभावला असे मात्र नाही. ऑक्टोबरच्या प्रारंभी कैद्यांचे जमाव अनावर झाले असता पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्युमुखी पडले. या गोळीबाराबद्दल दक्षिण कोरियात भारताविरुद्ध प्रक्षोभ उसळला. अभिरक्षक दलाचा इतिहास सांगताना पहिली घटना अभिमानाने सांगावयाची आणि दुसरी गाळावयाची, असे करून चालणार नाही. दोन्ही मिळूनच त्या कामाचे खरे स्वरूप ध्यानात येते.

समजावणीचे नव्वद दिवस

समझोत्यानुसार कैद्यांच्या देशांच्या प्रतिनिधींना समजावणीसाठी नव्वद दिवस मिळावयाचे होते. त्यासाठी खास तंबू उभारण्यात आले. कैद्यास एकेक करून आत आणले जाई. त्याच्या देशाचा प्रतिनिधी त्यास घरी परतण्याविषयी सांगे. पाचही तटस्थ राष्ट्रांचे प्रतिनिधी आणि दुसऱ्या पक्षाचे निरीक्षक समोर बसलेले असत. बोलणे संपल्यावर कैद्याने तंबूच्या दोन दारांपैकी एका दाराने बाहेर पडावयाचे असे. एक दार मायदेशाकडे जाणारे, दुसरे परत आवाराकडे नेणारे. आपल्या उर्वरित आयुष्याचा निर्णय माणसास अशा रीतीने काही पावलांत करावा लागे.

समजावणीस १५ ऑक्टोबर १९५३ रोजी प्रारंभ झाला. प्रत्यक्षात तिचे काम मोजकेच दिवस चालले. कधी कैदी आवाराबाहेर येण्यास नकार देत. कधी समजावणी करणारे ठराविक आवारातीलच कैदी हवेत म्हणून अडून बसत. कैद्यांना बळाने बाहेर काढावे काय, या प्रश्नावर आयोगात मतभेद झाले. स्वीडन व स्वित्झर्लंड यांचा बळाच्या वापरास ठाम विरोध होता. पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचे म्हणणे निराळे होते. भारताने बळाचा वापर न करण्याचा निर्णय घेतला. २३ डिसेंबर १९५३ रोजी मुदत संपली, तेव्हा बहुसंख्य कैद्यांची समजावणी झालेलीच नव्हती.

या कैद्यांचे पुढे काय करावयाचे, हे एका राजकीय परिषदेने ठरवावयाचे होते. ती परिषद कधी भरलीच नाही. करार पूर्ण झालेला नसताना कैद्यांना स्वतंत्र नागरिक म्हणून जाहीर करण्याचा अधिकार आपणांस नाही, अशी थिमय्यांची भूमिका होती. म्हणून २० जानेवारी १९५४ पासून, ज्या पक्षाने कैदी सोपविले होते त्याच पक्षाकडे ते परत देण्यात आले.

अखेरचा हिशेब असा लागला. संयुक्त राष्ट्रांकडून आलेल्या २२,६०४ कैद्यांपैकी ६२८ जण मायदेशी परतले. त्यांत ४४० चिनी व १८८ कोरियन होते. २१,८३९ जण संयुक्त राष्ट्रांच्या सेनाधिपत्याकडे परत गेले, ३८ मरण पावले आणि १३ निसटून गेले. उरलेल्या ८६ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतीय दलाबरोबर भारतात आले. दुसऱ्या पक्षाकडून आलेल्या ३५९ पैकी १० जण मायदेशी परतले, ३४७ त्याच पक्षाकडे गेले आणि २ जण भारतात आले. अशा रीतीने ८८ माणसांना भारताने आसरा दिला. त्यांपैकी बरेच जण पुढे ब्राझील व अर्जेंटिना या देशांत गेले. काही भारतातच स्थायिक झाले.

एक घटना, अनेक साक्षी

येथवर दिलेली हकिगत आज इतक्या तपशिलाने सांगता येते, याचे कारण तिच्या अनेक परस्पर स्वतंत्र नोंदी उपलब्ध आहेत. आयोगाने आपले अहवाल लेखी सादर केले. डिसेंबर १९५३ च्या अंतरिम अहवालात भारत, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचे बहुमत एका बाजूस आणि स्वीडन व स्वित्झर्लंड यांचे वेगळे मत दुसऱ्या बाजूस नमूद झाले आहे. जनरल थिमय्यांनी आपला अनुभव लिहून ठेवला होता. ते पुस्तक ‘एक्सपेरिमेंट इन न्यूट्रॅलिटी’ या नावाने १९८१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, प्रकाशात आले. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने अभिरक्षक दलाचा अधिकृत इतिहास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. आणि दलाचे सेनापती म्हणून थोरातांचे आत्मकथन आहेच.

या चारही साक्षींचे स्वरूप निरनिराळे आहे. आयोगाचा अहवाल निर्णय व त्यामागील कारणे देतो, परंतु माणसांच्या मनात काय चालले होते हे त्यात येत नाही. अधिकृत इतिहास तारखा, आदेश आणि आकडे यांची सांगड घालतो. आत्मकथनातून तो क्षण जिवंत होतो. त्यात निर्णय घेणाऱ्याची घालमेल दिसते. मात्र ते वर्षानुवर्षांनंतर स्मरणातून लिहिलेले असते आणि एकाच जागेवरून पाहिलेले असते. सेनापतीस जे दिसले, ते कुंपणाबाहेर रात्रभर उभ्या असलेल्या जवानास दिसले असेलच असे नाही. जवानास जे दिसले, ते तर बहुधा कोणीच लिहून ठेवलेले नाही. अभिरक्षक दलाच्या इतिहासात आज सर्वांत मोठी उणीव कोणती असेल, तर ती हीच.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न कोरियाच्याच युद्धात अमेरिकन सैन्यात झाला होता. एस. एल. ए. मार्शल हे पेशाने पत्रकार. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या इतिहास शाखेत अधिकारी झाले. १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरातील माकिन बेटावरील लढाईनंतर त्यांनी एक नवी पद्धत अवलंबिली. लढाई होताच त्या तुकडीतील सर्व सैनिकांना एकत्र बसवावयाचे आणि घटनाक्रम प्रारंभापासून सांगावयास लावावयाचे. एकाच्या सांगण्यात चूक झाली तर दुसरा ती तेथेच दुरुस्त करी. अधिकारी आणि जवान यांच्या शब्दांस सारखेच मोल दिले जाई. याच पद्धतीने मिळविलेल्या माहितीच्या आधारे १९५० च्या हिवाळ्यातील कोरियन लढायांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मार्शल यांचे उदाहरण दुहेरी बोधाचे आहे. लढाईच्या वेळी चौथा हिस्सा सैनिकदेखील प्रत्यक्ष गोळी झाडीत नाहीत, असे विधान त्यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात केले होते. ते जगभर उद्धृत झाले आणि सैनिकी शिक्षणावरही त्याचा परिणाम झाला. परंतु १९८८ मध्ये इतिहासकार रॉजर स्पिलर यांनी या आकड्यास मूळ टिपणांत पुरेसा आधार सापडत नसल्याचे दाखविले. सैनिकांचे म्हणणे ऐकण्याची पद्धत उत्तमच होती. ज्याची नोंद नाही असा आकडा मात्र पुढे टिकला नाही. जो अधिकारी इतिहासकारही होऊ पाहतो, त्याच्यावर सांगण्याइतकीच पुराव्याची जबाबदारीही असते.

गावपातळीवर काय करता येईल?

कोरियात गेलेल्या पिढीतील फारच थोडी माणसे आज हयात असतील. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांतील सैनिकही वृद्ध झाले आहेत. कारगिलच्या १९९९ मधील लढाईत तरुण असलेले जवान आता निवृत्त होऊन गावोगावी राहत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परदेशी जाऊन आलेलेही अनेक आहेत. यांचे अनुभव गोळा करण्यासाठी मोठ्या निधीची अथवा तज्ज्ञांच्या फौजेची आवश्यकता नाही. गावातील शाळा, ग्रामपंचायत आणि वाचनालय यांनी मनावर घेतल्यास हे काम होऊ शकेल. मात्र ते शिस्तीने व्हावयास हवे.

प्रथम, सांगणाऱ्याची संमती घ्यावी. त्याचे म्हणणे कशासाठी टिपून घेतले जात आहे, ते कोठे ठेवले जाईल आणि कोण वाचेल, हे त्यास स्पष्ट सांगावे. काही आठवणी सांगणे माणसास जड जाते. तेथे आग्रह धरू नये. ज्या गोष्टी शासकीय गोपनीयतेत मोडतात, त्या विचारूही नयेत. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम निवृत्त माणसासही लागू असतो, याचे भान ठेवावे.

दुसरे, पराक्रमाच्या प्रसंगापासून सुरुवात न करता साध्या गोष्टींपासून करावी. भरती केव्हा व कोठे झाली, पलटण कोणती, प्रवास कसा झाला, जेवण काय मिळे, थंडीत कपडे कोणते होते, घरची पत्रे किती दिवसांनी येत, असे प्रश्न विचारले म्हणजे स्मरणास चालना मिळते आणि सांगणारा मोकळा होतो. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असा प्रश्न मुलांना विचारू देऊ नये. कोरियातील पहाऱ्याच्या कथेवरून सैनिकाचे कर्तृत्व या आकड्याने मोजावयाचे नसते, हे शिक्षकांना वर्गात सहज समजावून देता येईल.

तिसरे, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले आणि त्याने इतरांकडून ऐकलेले यांची नोंद निरनिराळी करावी. सेवापुस्तक, पदके, पत्रे आणि छायाचित्रे यांवरून तारखा व स्थळे पडताळून घ्यावीत. प्रत्येक छायाचित्रामागे व्यक्तींची नावे, स्थळ आणि वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे. एकाच पलटणीतील दोघेतिघे पंचक्रोशीत असतील, तर त्यांना एकत्र बसवावे; एकाच्या बोलण्याने दुसऱ्याच्या आठवणी जाग्या होतात व चुकाही दुरुस्त होतात. दोघांचे म्हणणे न जुळल्यास दोन्ही लिहून ठेवावीत. कोणते खरे याचा निकाल घाईने लावू नये.

चौथे, सैनिकाच्या घरच्या माणसांचेही ऐकावे. तो आघाडीवर असताना शेती कोणी सांभाळली, मनीऑर्डर केव्हा येई, बातमी न आल्यास घरात काय होई, हे त्याच्या पत्नीस अथवा आईसच ठाऊक असते. युद्धाचा हा भाग कोणत्याही अधिकृत इतिहासात येत नाही. तो केवळ गावातच मिळू शकतो.

पाचवे, तयार झालेल्या नोंदीच्या किमान तीन प्रती कराव्यात. एक सांगणाऱ्याच्या कुटुंबाकडे, एक शाळेत वा वाचनालयात आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. माजी सैनिकांशी संपर्क साधण्याच्या कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य मागता येईल. दरवर्षी ७ डिसेंबर रोजी सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी निधिसंकलनाबरोबरच गावातील एका तरी माजी सैनिकाची नोंद विद्यार्थ्यांसमोर वाचण्याचा प्रघात पाडल्यास थोड्याच वर्षांत गावाचा स्वतःचा असा सैनिकी इतिहास तयार होईल.

अशा नोंदींचा उपयोग केवळ अभिमानापुरता नसतो. कोरियातील हकिगत वाचणाऱ्या विद्यार्थ्यास युद्धबंद्यांचे हक्क, आंतरराष्ट्रीय करार, तटस्थतेचे मोल आणि तिची किंमत यांची ओळख होते. क्षुब्ध जमावापुढे अधिकाऱ्याने कसे वागावे, याचा धडा प्रशासकास मिळतो. जेथे दोन पक्ष एकमेकांवर विश्वास ठेवावयास तयार नसतात, तेथे पंचाने नियमाबाहेर न जाता आणि कोणाचा रोष आला तरी न डगमगता काम कसे करावे, हे पंचायतीच्या सभासदास उमगते. ६२८ माणसे आपल्या घरी गेली आणि ८८ माणसांनी भारताचा आसरा घेतला, हे आकडे उर्वरित कैद्यांच्या तुलनेत लहान वाटतील. परंतु त्यांतील प्रत्येकाने हा निर्णय जिवावर उदार होऊन घेतला होता आणि त्या निर्णयाच्या रक्षणासाठी भारतीय जवान उभा होता.

त्या जवानांपैकी कितीजणांनी आपला अनुभव कोणास सांगितला आणि कोणी तो ऐकून घेतला, याचा हिशेब कोठेही नाही. सेनापतींनी आपले काम लिहून ठेवून पूर्ण केले. नंतरच्या युद्धांत आणि शांतिमोहिमांत गेलेले सैनिक मात्र आज गावात, शेजारच्या आळीत, चावडीवर भेटतात. त्यांचे सांगणे ऐकून, तपासून आणि जतन करून ठेवण्याचे कर्तव्य आता शाळा व पंचायती यांनी पार पाडावयाचे आहे, आणि त्यासाठी हाती असलेला अवधी फार मोठा नाही.